नदी कशी आटते ते बघा: लडाखचा पर्माफ्रॉस्ट आणि यवतमाळचा काळा पाषाण

दसऱ्याच्या आगेमागे मान्सून विदर्भातून परततो. त्यानंतर यवतमाळ जिल्ह्यात कधीकधी महिनामहिना थेंब पडत नाही. तरीही अडाण, अरुणावती, पूस, वाघाडी या नद्या धरणांच्या वरच्या अंगाला लगेच कोरड्या पडत नाहीत. त्यांना मिळणारे साधे नालेसुद्धा काही आठवडे वाहतात. मग धार बारीक होते, डोह तेवढे उरतात, आणि शेवटी पात्रात झिरे खोदायची वेळ येते. हे पाणी पावसाचंच असतं, फक्त ते आधी जमिनीत मुरलेलं आणि वाट काढत उशिरा नदीत पोचलेलं असतं. जलविज्ञानात त्याला बेसफ्लो म्हणतात. मराठी पुस्तकांत त्याला पायाभूत प्रवाह वगैरे म्हटलेलं सापडतं, पण मी बेसफ्लोच म्हणणार आहे, कारण शोधनिबंध वाचायला घेतलेत की तुमची गाठ त्याच शब्दाशी पडणार आहे.

आजचा विषय आहे ही बारीक होत जाणारी धार. ती किती वेगाने बारीक होते, यावरून जमिनीखालचं काय कळतं? आणि काय कळत नाही? (दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे. व्हायवामध्ये तोच विचारतात.) ही पद्धत जिथे सर्वात धाडसाने वापरली गेली ती जागा म्हणजे थंड प्रदेशातली कायम गोठलेली जमीन, पर्माफ्रॉस्ट. म्हणून आधी तिकडे जाऊ, पद्धत नीट समजून घेऊ, आणि मग ती घेऊन यवतमाळला येऊ.

गोठलेल्या जमिनीवरची नदी

सलग दोन वर्षं किंवा त्याहून जास्त काळ ज्या जमिनीचं तापमान शून्य अंश सेल्सिअसच्या वर गेलं नाही, ती जमीन म्हणजे पर्माफ्रॉस्ट. बघा, या व्याख्येत बर्फ हा शब्दच नाही. कोरडा, भेगा नसलेला कातळही या व्याख्येने पर्माफ्रॉस्ट ठरतो. पण नदीच्या दृष्टीने महत्त्वाची ती माती-दगडांची, पोकळ्यांमध्ये बर्फ बसलेली जमीन. पोकळी बर्फाने भरली की पाणी आत शिरू शकत नाही, आणि जमिनीला अंगणातल्या फरशीसारखा तळ तयार होतो. या फरशीवर एक थर असतो जो दर उन्हाळ्यात वितळतो आणि हिवाळ्यात पुन्हा गोठतो. त्याला सक्रिय थर म्हणतात. तो कुठे अर्धा मीटर असतो, कुठे काही मीटर. तिथला पाऊस आणि वितळलेला बर्फ या पातळ थरातूनच नदीकडे सरकतो.

आपल्याकडे हिमालयाचा विषय निघाला की सगळे हिमनद्यांबद्दल बोलतात. त्या दिसतात, त्यांचे फोटो काढता येतात. पर्माफ्रॉस्ट दिसत नाही. पण हिंदुकुश-हिमालयाच्या पट्ट्यात त्याखालचं क्षेत्र हिमनद्यांच्या क्षेत्रापेक्षा मोठं आहे. लडाखमध्ये लेहच्या वर गांगलास नाल्याचं खोरं आहे. तिथे सुमारे ४,७०० मीटर आणि त्याहून उंचीवर रुरकीच्या राष्ट्रीय जलविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी जमिनीचं तापमान मोजून पर्माफ्रॉस्टचा माग काढला आहे. ते निबंध २०२० आणि २०२१ मध्ये आले, म्हणजे हे काम अगदी ताजं आहे. भोक पाडून जमिनीच्या पोटातलं तापमान वर्षानुवर्षं मोजल्याच्या नोंदी भारतीय हिमालयात फार थोड्या आहेत.

आता नेहमीचा गैरसमज. पर्माफ्रॉस्ट वितळला म्हणजे त्यातलं पाणी नदीत येणार आणि नदीला पाणी वाढणार, असं पटकन वाटतं. हिशेब करून बघा. समजा सक्रिय थर दर वर्षी १ सेंटिमीटरने खाली सरकतोय आणि त्या जमिनीत आकारमानाने ३० टक्के बर्फ आहे. म्हणजे वर्षाला मिळणारं जास्तीचं पाणी ३ मिलिमीटर, बर्फ पाण्यापेक्षा हलका असल्यामुळे खरं तर त्याहून किंचित कमीच. लेह शहरात वर्षाला जेमतेम १०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, वर डोंगरात त्याहून जास्त हिम पडतं. त्यापुढे हे ३ मिलिमीटर म्हणजे किरकोळ रक्कम. दगडगोट्यांच्या पोटात भरपूर बर्फ असलेल्या दगडी हिमनद्यांमध्ये आकडा मोठा होतो हे खरं, पण सर्वसाधारण उतारावर नाही.

मग नदीत बदल होतो तो कशामुळे? वाट बदलल्यामुळे. फरशी खाली गेली की पाणी वरच्यावर पळण्याऐवजी खोल उतरतं, जास्त वेळ जमिनीत राहतं आणि उशिरा बाहेर पडतं. उन्हाळ्यातले लोंढे थोडे बसतात, हिवाळ्यातली धार थोडी वाढते. सैबेरियातल्या लेना नदीच्या खोऱ्यापासून तिबेटच्या पठारापर्यंत बऱ्याच ठिकाणी हिवाळी प्रवाह वाढल्याच्या नोंदी आहेत. वर्षभराचं एकूण पाणी तेवढंच राहूनही त्याचं वेळापत्रक बदलू शकतं. लडाखी शेतकऱ्याला वर्षाचं एकूण पाणी किती यापेक्षा एप्रिल-मे महिन्यात, पेरणीच्या तोंडाला, नाल्यात पाणी आहे की नाही हा प्रश्न असतो. हिवाळ्यातलं पाणी बर्फाच्या रूपाने गावाजवळ साठवून ठेवण्याचे चेवांग नॉर्फेल यांचे कृत्रिम हिमनद्यांचे प्रयोग याच प्रश्नावरचे होते.

ओसरण्याचा काळ

आता पद्धत. पाऊस थांबल्यावर किंवा बर्फ वितळणं थांबल्यावर नदी जी उतरत जाते, त्या उताराला रिसेशन म्हणतात. मी ओसरणं म्हणेन. सर्वात साधं गृहीतक असं: जमिनीत जेवढं पाणी शिल्लक, तेवढ्या प्रमाणात ते बाहेर येतं. तळाला भोक असलेला रांजण डोळ्यापुढे आणा. भरलेला असताना धार जोरात, रिकामा होत जाईल तशी मंद. या गृहीतकाने प्रवाह घातांकी पद्धतीने उतरतो आणि त्याचा वेग एका आकड्यात सांगता येतो. त्याला इंग्रजी 'के' अक्षराने दाखवतात. तेवढ्या दिवसांत प्रवाह मूळच्या सुमारे ३७ टक्क्यांवर येतो.

आकडे घालून बघू. समजा १ नोव्हेंबरला एका नाल्यात सेकंदाला १०० लिटर पाणी आहे. ओसरण्याचा काळ ३० दिवस असेल तर १ डिसेंबरला ३७ लिटर, वर्षअखेरीला १४ आणि जानेवारी संपताना ५ लिटर उरतील. तोच काळ ६० दिवस असेल तर याच तारखांना ६१, ३७ आणि २२. दोन्ही नाल्यांची सुरुवात एकच, पण एकावर जानेवारीत हरभऱ्याला पाणी देता येईल आणि दुसऱ्यावर मोटरचा फुटव्हॉल्व्ह गाळात रुतेल. जगभरातल्या मोठ्या, स्थिरावलेल्या खोऱ्यांसाठी हा काळ ४५ दिवसांच्या आसपास, १५ दिवस इकडेतिकडे, येतो असं विल्फ्रिड ब्रुटसार्ट यांनी २००८ मध्ये मांडलं. हा आकडा लक्षात ठेवा. तुमचा ५०० दिवस किंवा ४ दिवस आला, तर आधी डेटा तपासा, नवा शोध लागला असं समजू नका.

हा काळ ठरतो कशावरून? उताराखालच्या पाण्याचं गणित बुसिनेस्क यांनी १९ व्या शतकात आणि १९०४ मध्ये मांडलं, आजही सगळे त्यावरच उभे आहेत. त्याचं सार तीन गोष्टींत येतं. एक, थरातून किती टक्के पाणी निथळून सुटतं. दोन, पाण्याला नदीपर्यंत किती लांब जायचं आहे. तीन, थर किती जाड आहे आणि त्यातून पाणी किती सहज वाहतं. पहिल्या दोन वाढल्या की नदी सावकाश ओसरते, आणि अंतराचा परिणाम वर्गाने होतो, म्हणजे वाट दुप्पट लांब झाली की काळ चौपट. तिसरी वाढली की नदी लवकर ओसरते, कारण भोक मोठं झालं.

आता गंमत बघा. २००९ मध्ये स्टीव्ह लायन आणि सहकाऱ्यांनी उत्तर स्वीडनमधल्या आबिस्को नदीच्या जवळपास ९० वर्षांच्या प्रवाहनोंदी घेतल्या, दर काळातलं ओसरणं काढलं, आणि तिसरी गोष्ट धरून उलटा हिशेब केला: ओसरण्याचा वेग इतका बदलला असेल तर सक्रिय थर इतका जाड झाला असला पाहिजे. उत्तर आलं वर्षाला सरासरी ०.९ सेंटिमीटर. त्याच भागात जमिनीत सळई खुपसून प्रत्यक्ष मोजलेला वेग ०.७ ते १.३ सेंटिमीटर होता. नदीच्या पुलावर बसून डोंगराच्या पोटातली फरशी किती खाली गेली ते सांगणं, आणि ते जुळणं! मला हा निबंध फार आवडतो. छोटा आहे, नक्की वाचा.

त्यांच्या वाचनात थर जाड होताना ओसरणं वेगवान होतं. पण पश्चिम चीन आणि तिबेटच्या पठारावरच्या काही खोऱ्यांचे अभ्यास काढलेत तर तिथे उलट लिहिलेलं दिसेल: पर्माफ्रॉस्ट वितळतोय, म्हणून हिवाळी ओसरणं मंदावलंय. एकाच कारणाचे दोन विरुद्ध परिणाम! मग चूक कोणाची?

बहुधा कोणाचीच नाही. फरशी जरा खाली सरकली आणि बाकी सगळं तसंच राहिलं, तर भोक मोठं होतं आणि ओसरणं वाढतं. पण फरशीला आरपार खिडक्या पडल्या, खालच्या न गोठलेल्या थराशी पाण्याचा संबंध जुळला, की पाण्याला लांबच्या, खोल वाटा मिळतात. वाट लांब झाली की काळ वर्गाने वाढतो. कुठल्या खोऱ्यात कोणता परिणाम वरचढ ठरेल हे पर्माफ्रॉस्ट सलग आहे की तुटक, उतार किती, खाली वाळू आहे की कातळ, यावर ठरतं. त्यात आणखी एक बारीक भर: शून्य अंशाजवळचं पाणी २५ अंशांच्या पाण्यापेक्षा साधारण दुप्पट चिकट असतं. जमीन गरम झाली की थरात काहीही न बदलता पाणी थोडं सोपं वाहू लागतं.

म्हणजे हातात येणारा आकडा एक, आणि त्यामागे निदान तीन-चार कारणं. आकडा बदलला हे नदी सांगते. का बदलला ते सांगत नाही. त्यासाठी दुसरा साक्षीदार लागतो. आबिस्कोमध्ये तो होता, जमिनीत खुपसलेल्या सळईच्या रूपाने.

यवतमाळची फरशी

वणीकडचा पट्टा सोडला तर यवतमाळ जिल्ह्याचा बहुतेक भाग सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या बेसाल्टवर, म्हणजे दख्खनच्या लाव्हाथरांवर बसलेला आहे. विहीर खोदताना काय लागतं ते आठवा. वर काळी माती, मग मुरूम, मग भेगांचा दगड, आणि त्याखाली घट्ट काळा पाषाण, जिथे सुरुंग लावावे लागतात. पाणी मुख्यतः मुरुमात आणि भेगांच्या दगडात. खालचा पाषाण म्हणजे इथली फरशी. पर्माफ्रॉस्टचं चित्र आणि हे चित्र कागदावर काढून शेजारी ठेवलंत तर दोन्हीकडे तेच दिसेल: पातळ, पाणी धरणारा थर आणि खाली अभेद्य तळ. फरक इतकाच की लडाखचा तळ तापमानाने खाली सरकतो, आपला हलत नाही.

या थरात पाणी किती असतं? मुरलेल्या, भेगाळलेल्या बेसाल्टमधून निथळून सुटणारं पाणी आकारमानाच्या साधारण १ ते ३ टक्के. २ टक्के धरा. हंगामात विहिरींची पातळी ५ मीटरने उतरली, तर प्रत्येक हेक्टरखालून १० सेंटिमीटर उंचीचं पाणी निघालं, म्हणजे १,००० घनमीटर, १० लाख लिटर. ऐकायला खूप. पण पिकाच्या एका पाळीला ५ सेंटिमीटर पाणी धरलं तर त्या हेक्टरच्या दोन पाळ्या. बस. इतक्याच साठ्यातून हरभरा, गहू, उशिराचा कापूस, जनावरं, गावाची नळयोजना आणि नदीची धार, सगळ्यांनी भागवायचं. नदीच्या गाळात वाळूचा थर असेल तिथे हाच आकडा दहापट होऊ शकतो, म्हणून पात्राकाठच्या विहिरी एप्रिलमध्येही टिकतात आणि टेकडीवरच्या संक्रांतीलाच तळ दाखवतात.

वार्षिक पाऊस ढोबळमानाने ९०० ते १,००० मिलिमीटर असलेल्या जिल्ह्यात पाणी कमी का पडतं, या प्रश्नाचा बराचसा भाग या २ टक्क्यांत आहे. रांजणच लहान आहे. पाऊस वाढला तरी रांजण भरून जास्तीचं वाहून जातं.

आता इथे ओसरण्याचा अभ्यास करायचा म्हटलं तर काय होईल? लडाखमध्ये नदी ओसरू लागते तेव्हा सगळं गोठत असतं आणि शेतं रिकामी असतात. आपल्याकडे ओसरणं सुरू होतं नेमकं ऑक्टोबरच्या शेवटी, आणि त्याच आठवड्यात विहिरींवरच्या मोटरी सुरू होतात. निसर्गाचं ओसरणं आणि माणसाचा उपसा एकाच तारखेला सुरू होतात. ते वेगळे करणं हाच इथला खरा संशोधनप्रश्न आहे.

मघाचं उदाहरण पुन्हा घ्या, या वेळी नैसर्गिक काळ ४५ दिवस धरा. १०० लिटरची धार ३० दिवसांनी ५१, ६० दिवसांनी २६, ९० दिवसांनी साडेतेरा व्हायला हवी. आता त्यातून रोज सतत सेकंदाला १० लिटर उपसा वजा करा. तुम्हाला पुलावर दिसतील ९०, ४१, १६ आणि साडेतीन. या आकड्यांवरून ओसरण्याचा काळ काढलात तर पहिल्या महिन्यात ३८ दिवस येतो, दुसऱ्यात ३२ आणि तिसऱ्यात २० च्या आत-बाहेर. जमिनीत काडीचाही बदल नाही, तरी काळ निम्म्याखाली! आबिस्कोची रीत डोळे झाकून लावणारा विद्यार्थी इथे लिहील की 'जलधराचे गुणधर्म बदलत आहेत'.

पण याच उदाहरणात सुटकेची वाटही आहे. प्रवाहाचा लॉग घेऊन तारखांसमोर आलेख काढा. साध्या रांजणाची रेघ सरळ येते. खऱ्या नद्यांची रेघ बहुतेक वेळा आधी उतरती आणि मग सपाट होत जाते, कारण उशिरा खोलवरचं सावकाश येणारं पाणी हात देतं. सतत उपसा असेल तर रेघ उलट वाकते, शेवटी कड्यावरून पडल्यासारखी खाली जाते. काठावरची झाडंही पाणी ओढतात आणि थोडा असाच परिणाम करतात, त्यामुळे वाक दिसला की लगेच शेतकऱ्याकडे बोट दाखवू नका. पण वाकण्याची दिशा हा पुरावा आहे, नुसत्या सरासरी आकड्यापेक्षा कितीतरी बोलका.

अजून एक करून बघण्यासारखं. लहान नाल्यावर दर तासाची पातळी नोंदवणारा सेन्सर लावा. लडाखच्या नाल्यात दुपारनंतर पाणी चढतं आणि पहाटे उतरतं, कारण ऊन बर्फ वितळवतं. आपल्याकडे नाल्यात थेट मोटरी टाकलेल्या असतील तर धार शेतीच्या फीडरच्या वेळापत्रकाने खालीवर होताना दिसू शकते. दिवसपाळी आणि रात्रपाळी बदलली की आलेखही कूस बदलेल. म्हणजे वीज कधी होती याची नोंद मिळाली तर तोच तुमचा दुसरा साक्षीदार.

डेटा कुठून आणायचा

इथे यवतमाळवाल्याची बाजू वरचढ आहे, आणि हे कोणी सांगत नाही म्हणून सांगतो. सिंधू, गंगा आणि ब्रह्मपुत्रा खोऱ्यांतल्या प्रवाहाची आकडेवारी आपल्या देशात गोपनीय वर्गात मोडते. ती मिळवायला रीतसर परवानगी लागते, आणि मिळाली तरी ती हवी तशी छापता येत नाही. लडाखच्या नद्या सिंधू खोऱ्यातल्या. पैनगंगा आणि वर्धा मात्र गोदावरी खोऱ्यात येतात, आणि केंद्रीय जल आयोगाच्या केंद्रांचा रोजचा प्रवाह इंडिया-डब्ल्यूआरआयएसच्या संकेतस्थळावर बघता येतो. पैनगंगेवर पी. जी. ब्रिज हे असं एक केंद्र आहे. विहिरींची पातळी राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा ठरावीक निरीक्षण विहिरींवर वर्षातून चार वेळा मोजते.

खुशाल डाउनलोड करा, पण थेट ट्रेंडलाइन मारू नका. पी. जी. ब्रिज इसापूर धरणाच्या खाली आहे. १९८० च्या दशकापासून तिथे उन्हाळ्यात जे पाणी दिसतं त्यात धरणातून सोडलेलं आणि कालव्याच्या शेतांतून झिरपून परत आलेलं पाणी मिसळलेलं असतं. किमान प्रवाह वाढलेला दिसला तर भूजल सुधारलं असा निष्कर्ष काढण्याआधी दरवाजांच्या नोंदी मागा. वणीकडे तर वेगळीच अडचण. तिथे गोंडवानाचे वाळूचे दगड आहेत, चुनखडी आहे, कोळसा खाणी आहेत, आणि खाणीतून उपसलेलं पाणी नाल्यांत येतं. ते खोरं बेसाल्टच्या खोऱ्यांबरोबर एका तक्त्यात बसवू नका. वर्षातला सर्वात कमी सात दिवसांचा सरासरी प्रवाह घेण्याची ब्रुटसार्टांची पद्धतही इथे जशीच्या तशी चालत नाही, कारण मे महिन्यात तो शून्यच येतो. नोव्हेंबर ते जानेवारीतले, मागचे पाच दिवस पाऊस नसलेले दिवस निवडा. अवकाळीचा एक शिडकावा पूर्ण रेघ बिघडवतो.

धरणाच्या वरच्या लहान नाल्यांवर सहसा केंद्रच नसतं. मग स्वतः मोजा. मोरीखाली धार एका जागी पडते तिथे बादली आणि घड्याळ पुरतं. जरा मोठी धार असेल तर त्रिकोणी खाच कापलेला पत्रा आडवा बसवा आणि खाचेवरची पाण्याची उंची वाचा. दर तीन दिवसांनी एक नोंद, तीन महिने. लायनच्या ९० वर्षांपुढे हे काहीच नाही, पण दोन शेजारचे नाले निवडलेत, एकाच्या खोऱ्यात विहिरी दाट आणि दुसऱ्याच्यात जंगल, तर एका हंगामातही प्रश्न विचारण्यासारखं काही हाती येतं.

खोल पाण्याची किंमत

प्रमाणाबद्दल इतकं बोललो, आता पाण्याच्या गुणाबद्दल थोडं. वाट बदलली की पाण्यात विरघळलेल्या गोष्टीही बदलतात. इटलीच्या दक्षिण टिरोलमध्ये रासास नावाचं उंचावरचं तळं आहे. त्याच्या वरच्या दगडी हिमनदीतला बर्फ वितळू लागला आणि काही वर्षांत तळ्याच्या पाण्यातले क्षार वाढले, निकेलचं प्रमाण पिण्याच्या पाण्याच्या मर्यादेपलीकडे गेलं. २००७ मध्ये ते प्रसिद्ध झालं तेव्हा अनेकांना आश्चर्य वाटलं होतं.

२००७ मध्येच 'करंट सायन्स'मध्ये पांढरकवडा परिसरातल्या भूजलातल्या फ्लोराइडवर निबंध आला. या दोन निबंधांचा एकमेकांशी काही संबंध नाही, पण मी ते शेजारीशेजारी ठेवतो. उथळ थरातलं पाणी यंदाच्या पावसाचं असतं. खोल बोअरमधलं पाणी खडकाशी फार वर्षं घासून आलेलं असतं, आणि फ्लोराइड असलेल्या भागात तिथे त्याचं प्रमाण वाढण्याचा धोका जास्त. पिण्याच्या पाण्यात लिटरला १ मिलिग्रॅम ही भारतीय मानकाची मर्यादा आहे, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घेतात. त्याहून जास्त पाणी वर्षानुवर्षं पोटात गेलं की लहान मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी डाग पडतात, पुढे हाडं आणि सांधे धरतात. केळापूर, झरी जामणी या तालुक्यांच्या गावांत हे पाठ्यपुस्तकातलं उदाहरण राहिलेलं नाही.

म्हणून वरचा रांजण जानेवारीत रिकामा होतो की मार्चमध्ये, हा प्रश्न निव्वळ आलेखाचा नाही. तो रिकामा झाला की गाव हातपंपाकडे आणि खोल बोअरकडे वळतं. ओसरण्याच्या काळातले पंधरा-वीस दिवस म्हणजे त्या गावाने फ्लोराइडचं पाणी वर्षातले किती दिवस प्यायचं याचा हिशेब. या दोन गोष्टी, उथळ थराचं ओसरणं आणि हंगामानुसार बदलणारं फ्लोराइड, एकाच गावात एकत्र मोजल्या तर पीएचडीचा चांगला विषय होईल, असं माझं मत आहे. नाल्याच्या पाण्याची विद्युतवाहकता मोजणारं खिशात मावणारं मीटर घेऊन आठवड्याला एक आकडा टिपलात, तरी धार खोलवरून येऊ लागली का याचा अंदाज येतो. आकडा चढू लागला की पाणी जुनं आणि खोलचं, असा ढोबळ नियम. सांडपाणी किंवा खताचं पाणी मिसळत असेल तर हाही नियम फसतो, म्हणून नमुन्याची जागा गावाच्या वरच्या अंगाला घ्या.

शेवटी शून्याचं काय करायचं? धार बंद पडलेल्या दिवसाचा लॉग निघत नाही, म्हणून बहुतेक जण ते दिवस तक्त्यातून काढून टाकतात. ते करू नका. नाला ज्या दिवशी वाहायचा थांबला ती तारीख हाच एक आकडा आहे, आणि त्याच्या जुन्या नोंदी कुठल्याही संकेतस्थळावर नसल्या तरी गावात आहेत. साठ-सत्तरीच्या माणसांना सन विचारलात तर सांगता येणार नाही. 'तुमचं लग्न झालं त्या साली हा नाला संक्रांतीपर्यंत चालायचा की होळीपर्यंत?' असं विचारा. पाच घरी विचारा, बायकांना वेगळं विचारा, कारण पाणी त्यांनी भरलंय. उत्तरं जुळतात का बघा, आणि जुळली नाहीत तर तेही लिहून ठेवा.